डावी पाकळी

ओडेन्स, डेन्मार्क
५ सप्टेंबर २०२२

प्रिय काका,

वाकून नमस्कार केलाय असं समजा. प्रत्यक्षात वाकले तर पलंगाच्या कडेला कपाळ आपटेल, एवढी ही खोली.

फोन करत नाही म्हणून रुसू नका. मागच्या वेळी तुम्हाला अर्धंच ऐकू आलं आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही "बरं बरं" म्हणत राहिलात. मला ताप आलाय, म्हटलं, तर म्हणालात "छान झालं." तेव्हा आपलं पत्रच बरं. दर्शना डाकवाली तुमच्या हातात आणून देईल, आणि तुम्ही ओटीवर बसून दोनदा वाचाल.

तुम्ही विचारलंत, की देवळात लोक विचारतात, पुतणी परदेशात करते काय, तर काय सांगू? सांगा, औषध बनवते. पण ते रोग बरा करत नाही, नुसतं दाखवतं. मेंदूतल्या पेशींवर ठरावीक रसायनांना बसायला ठरावीक जागा असतात. रिसेप्टर म्हणतात त्यांना. त्याच जागी नेमकं जाऊन बसेल असा रेणू आम्ही घडवतो आणि त्याला किरणोत्सारी कार्बन जोडतो. तो टोचला की मेंदूत जाऊन आपली जागा धरतो, आणि बाहेरचं यंत्र तो कुठे कुठे बसला त्याचं चित्र काढतं. गंमत अशी, की हा कार्बन वीस मिनिटांत निम्मा होतो, पुढच्या वीस मिनिटांत त्याच्याही निम्मा. बंदरावर उतरलेले बांगडे बाजारात पोहोचेपर्यंत टोपलीतल्या टोपलीत नाहीसे होत जावेत, तसं. त्यामुळे मी दिवसभर शिशाच्या भिंतीमागे, जाड काचेतून बघत, लोखंडी हातांनी घाईघाईत काम करते.

आता मुद्द्याचं. माझा करार डिसेंबरात संपतोय. हे लोक आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहेत. कंपवाताच्या आजारात मेंदूत काय बिघडतं ते दाखवणारं एक नवं औषध आम्ही शोधतोय, ते अजून माणसापर्यंत पोहोचायचंय. दुसरीकडे मुंबईत एक जागा निघालीय. तिथेही असं यंत्र आहे, पण रोज तेच ठरलेलं औषध बनवायचं, नवं शोधायला वाव नाही. मात्र तिथून तुम्ही एका रात्रीवर असाल. काकी गेल्यापासून तुम्ही घरात एकटे, याचा मला घोर लागलेला असतो.

माझ्याच्याने ठरत नाही. तुम्ही गावाचे गुरव. सगळं गाव तुमच्याकडून देवाला कौल लावून घेतं, राजापूरहून होडीला जुनं इंजिन आणू का हेसुद्धा विचारतं. मी कधीच काही विचारलं नाही, कारण माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी आता विचारते. देवाच्या पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या लावा. उजवी पडली तर राहीन, डावी पडली तर परत येईन. काहीही झालं तरी ऐकेन.

तुमची,
योगिनी


वरचीवाडी, जयगड
२ ऑक्टोबर २०२२

चि. योगिनी, बाय,

तुझं पत्र पोहोचलं. सोमवारी आंघोळ करून ओल्या पंचाने देवळात गेलो. भावकीतला आपला आत्माराम समई धरून उभा होता. गाऱ्हाणं घातलं, तुझं नाव सांगितलं, परदेश सांगितला. पाकळ्या लावल्या.

उजवी पडली. राहा.

याहून जास्त लिहीत नाही. देवाचं बोलणं फुलवून सांगू नये.

गावात ठीक आहे. इंजिन आणणाऱ्याला देवाने नको म्हटलं होतं, तरी त्याने आणलंच. ते आता खाडीत मधोमध बंद पडतं आणि तो देवळाकडे तोंड करून हात जोडतो. बंदराच्या ट्रकांमुळे रस्ता ओलांडायला दर्शनाला उशीर होतो, म्हणून टपाल दुपारचं येतं.

मला अजून एकट्याचा भात शिजवायचं माप सापडलेलं नाही. तुझी काकी मुठीने घालायची, आणि तिची मूठ तिच्याबरोबर गेली. रोज उरतो. कावळे आता ओळखीचे झालेत, हाक मारायच्या आधीच कौलांवर येऊन बसतात.

तू काळजी करू नको. तुझं काम मोठं आहे, ते पुरं कर. थंडीत कानाला बांधत जा.

आशीर्वाद.
भिकाजी


ओडेन्स
२० जानेवारी २०२३

काका,

राहिले. कागदावर सही करताना मनात तुमची उजवी पाकळी होती. आमच्या प्रयोगशाळेत हे कळलं तर मला दाराबाहेर उभं करतील.

इथे आता चार वाजताच अंधार पडतो. कामावर जाताना अंधार, परतताना अंधार, मधला उजेड शिशाच्या भिंतीपलीकडे. जानेवारी सुरू झाल्यापासून तोंडातून मराठी शब्द एकदाच निघाला, बोट दारात सापडलं तेव्हा. लोक वाईट नाहीत. गोड हसतात, वाढदिवसाला केक आणतात, आणि पाच वाजले की आपापल्या घरी जातात. मी सायकलवरून घरी येते आणि वरण-भात करून खिडकीपाशी जेवते. समोरच्या घरातही एक बाई खिडकीपाशीच जेवते. आम्ही एकमेकींकडे बघत नाही.

काम तोंडावर पडलंय. सात रेणू करून झाले. प्रत्येक वेळी रक्तातून मेंदूच्या दारापर्यंत जातात आणि तिथले राखणदार त्यांना बाहेर ढकलून देतात. इथे हे प्रयोग आधी डुकरांवर करतात. झोपेचं औषध देऊन डुकराला यंत्रात निजवतात, आणि मी काचेमागून बघते. पडद्यावर मेंदूच्या जागी काळोख. डुक्कर बिचारं उठून खायला लागतं, मी मात्र डबा तसाच घरी परत आणते.

देवाने राहा म्हटलंय म्हणून बसलेय. नाहीतर डिसेंबरात बॅग भरलीच असती. तेव्हा पुढच्या वेळी देवळात गेलात की त्याला जरा जाब विचारा, म्हणावं पोरीला थांबवलंस तर रस्ताही दाखव.

तुमची,
योगिनी


वरचीवाडी, जयगड
३० मार्च २०२३

बाय,

जाब विचारला. काही बोलला नाही. त्याला घाई नसते.

सध्या अंगणातली सुरंगी फुलली आहे. फांदी न् फांदी पिवळी झाली आहे. पहाटे खाली धोतर पसरून ठेवतो, तुझी काकी साडी पसरायची तसं. पण यंदा फुलांना वासच नाही. एवढं जुनं झाड, शिमग्याच्या दिवसांत नाक्यापर्यंत घमघमायचं, आणि आता नाकाशी फूल धरलं तरी काही नाही. मधमाशा मात्र येतात. दर्शनाने गजरा करून माळला आणि म्हणाली, "काका, काय वास सुटलाय ओ!" बायकांना फुलं मिळाली की वास आपोआप येतो. तिचा हिरमोड कशाला करा, म्हणून मीही मान डोलावली.

मासळीलाही चव राहिलेली नाही. काल सौंदाळे आणले होते, पुठ्ठा खाल्ल्यासारखं झालं.

देवळातली माझी पाळी आत्मारामाला दिली. सकाळ-संध्याकाळ दिवा मीच लावतो, पण कौल आता तो लावतो. किती वर्षं करायचं? गुडघे दुखतात. संध्याकाळी घरी आलो की बोलायला कोणी नसतं, म्हणून मी आल्या आल्या रेडिओ लावतो. ऐकू नीट येत नाही, तरी घरात आवाज असला म्हणजे बरं वाटतं.

तुझा आठवा रेणू चालेल.

आशीर्वाद.
भिकाजी


ओडेन्स
११ जुलै २०२३

काका, काका,

आठवा चालला! तुमच्या तोंडात साखर पडो. आधी हे वाचा, मग बाकीचं.

मेंदूच्या दारातून आत गेला. डुकराच्या मेंदूत खोलवर दोन बाजूंना दोन ठिपके उजळले, बाकी सगळं काळं. मी काचेला नाक लावून उभी होते. पण आमच्याकडे एवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. हा रेणू खरंच आपल्या जागेवर बसलाय, की जागा मिळेल तिथे टेकलाय? ते ओळखायची एक रीत आहे. भंडाऱ्याची पंगत आठवा. आधी साधं, किरणोत्सारी नसलेलं औषध भरपूर देऊन सगळ्या पाटांवर माणसं बसवून टाकायची. मग आपला पाहुणा पाठवायचा. तो जागा नाही म्हणून मुकाट परत आला, तर समजायचं, हा पंगतीतलाच होता. तरीही कुठेतरी टेकला, तर तो ओटीवरचा रिकामटेकडा. आमचा परत आला! ठिपके पुसट झाले. अंधार पाहून एवढा आनंद मला आजवर झाला नव्हता.

आणखी एक. फार घट्ट बसूनही चालत नाही. बसावं आणि वेळेत सुटावं, तरच मोजता येतं. तुमच्या पाकळ्यांसारखंच. चिकटून राहिली तर देव गप्प, लावता लावता गळली तर कौल नाही. बॉसला हे समजावून सांगणार होते, पण डेनिशमध्ये गाऱ्हाण्याला शब्द नाही.

मागचं तुमचं पत्र मी भिंगातून वाचलं. पहिल्या ओळी बऱ्या होत्या, शेवटी शेवटी मुंग्या. रत्नागिरीत शाई महाग झालीय का? आणि सुरंगीचं मनावर घेऊ नका. हवामान बिघडलंय, झाडांचंही तंत्र चुकतं. बुंध्याशी शेणखत घाला.

गणपतीला येऊ का? तिकीट बघून ठेवलंय. ही बातमी सांगायला घरात कोणी नव्हतं. समोरच्या बाईला खिडकीतून हात केला, तिने पडदा ओढला.

तुमची,
योगिनी


वरचीवाडी, जयगड
८ ऑगस्ट २०२३

बाय,

पेढे वाटले. देवाला नारळ दिला. कशाबद्दल ते लोकांना सांगता आलं नाही, म्हटलं डुक्कर पास झालं.

गणपतीला येऊ नको. आता कुठे काम मार्गी लागलंय, ते मध्येच टाकू नको. पाऊस फार आहे, रस्ते वाहून गेलेत. पुढच्या वर्षी बघू.

परवा देवळाच्या पायरीवरून घसरलो. शेवाळ होतं. लागलं नाही. अक्षराचं म्हणशील तर चष्म्याचा नंबर बदललाय.

एक विचारायचं होतं. गावात एक जण आहे, त्याचा हात थरथरतो. तुझं औषध त्याच्या काही उपयोगाचं आहे का? तो विचारत होता.

आशीर्वाद.
भिकाजी


ओडेन्स
१ सप्टेंबर २०२३

काका,

घाईत आहे. त्या माणसाला सांगा, आमचं औषध नुसतं चित्र काढतं, हात थांबवत नाही. पण हात थांबवणाऱ्या गोळ्या आहेत. रत्नागिरीला मेंदूच्या डॉक्टरकडे जा म्हणावं, आणि लाजू नको म्हणावं. बायका-मुलं काय म्हणतील म्हणून लपवत बसतात आणि पडतात मग. कोण तो? ओळखीचा असेल तर दटावा त्याला माझ्या नावाने.

येत नाही मग गणपतीला. तिकीट रद्द केलं.

योगिनी


ओडेन्स
१२ नोव्हेंबर २०२४

काका,

गेल्या वर्षभरात आपण एकमेकांना चार-चार ओळीच लिहिल्या. माझा वेळ परवानग्यांच्या कागदांत गेला. तुमच्या चार ओळी मला भिंगातूनही धड लागत नव्हत्या, आणि मी त्याचाही विचार केला नाही.

गेल्या आठवड्यात आमचं औषध पहिल्यांदा माणसाला दिलं. आजारी माणूस, तुमच्याएवढाच असेल. पूर्वी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आम्ही तळघरात औषध बनवतो, लहानशा लिफ्टमधून ते वर जातं, वर कोण आहे ते आम्हाला दिसत नाही. त्या दिवशी मी सकाळीच बॉसला म्हटलं, मला त्याला एकदा बघायचंय. दोन वर्षं ज्याच्यासाठी राबले तो माणूस कसा दिसतो ते तरी बघू दे.

तो पलंगावर बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून. मी म्हटलं, तुमचं औषध मी बनवणार. त्याला बोलायची हौस. म्हणाला, हात तर फार नंतर हलायला लागला. त्याच्या चार वर्षं आधी कॉफीचा वास गेला. मी रोज बायकोला बोलायचो, कसली कॉफी आणतेस? तिने तीन दुकानं बदलली. दोष कॉफीचा नव्हता.

मी हसले. हसत हसत खाली आले आणि शिशाच्या भिंतीमागे बसले. हात सवयीने काम करत होते. औषध वेळेत वर गेलं, चित्र आलं. दोन ठिपके, एक भरदार, एक फिकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. काका, सुरंगीला वास होता ना?

दर्शनाला वास आला होता. मधमाशांना आला होता. फक्त तुम्हाला आला नाही. आणि मी, हाच आजार शोधण्यात दिवस घालवणारी, तुम्हाला बुंध्याशी शेणखत घालायला सांगत होते.

आत्मारामकाकांच्या फोनवर फोन केला. ते म्हणाले, "दादा देवळात गेलाय," आणि घाईने ठेवून दिला. म्हणून लिहून विचारते, आणि सरळ उत्तर हवंय. तुमचा हात हलतो का? गावातला तो एक जण कोण? आणि मी कौल लावायला सांगितला, तेव्हाही हात हलत होता का?

योगिनी


वरचीवाडी, जयगड
१५ डिसेंबर २०२४

बाय,

सरळ विचारलंस, सरळ सांगतो. हे पत्र चार दिवस लिहितोय, सकाळच्या गोळीनंतर हात थोडा वेळ ऐकतो तेव्हा.

हात हलतो. उजवा. तो एक जण मीच. लाजू नको असं तू लिहिलंस, म्हणून रत्नागिरीला गेलो. आत्माराम बरोबर होता. डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या तेव्हापासून घेतोय. म्हणजे तू माझी डॉक्टर झालीस आणि तुला पत्ताच नाही, याचं मला मनातल्या मनात हसू यायचं. मग वाईट वाटायचं.

कौल लावला तेव्हाही हात हलत होता. नुकतंच सुरू झालं होतं. तुझ्या पत्रात त्या आजाराचं नाव वाचलं आणि माझ्या हाताला काय झालंय ते मला त्याच दिवशी कळलं. तुला कळवलं असतं तर तू कौलाची वाट न बघता निघाली असतीस.

आता खरं ते ऐक. उजवी पडली नव्हती. डावी पडली. देवाने तुला परत बोलावलं होतं.

पण पाकळी लावताना माझं बोट थरथरलं होतं. डावी नीट बसलीच नव्हती, ती तिथे लटकत होती. जन्मभर पाकळ्या लावल्या, कोणती देवाने सोडली आणि कोणती वाऱ्याने हे मला बघूनच कळायचं. त्या दिवशी कळेना. देवाने पाडली, की माझ्या हाताने? आणि त्याहून वाईट मनात आलं. मला तू यायला हवी होतीस, बाय. फार हवी होतीस. म्हणून तर माझा हात डावीकडे हलका लागला नसेल? आत्माराम म्हणाला, "दादा, पुन्ना लाव." मी लावला नाही. पुन्हा डावी पडली असती तर मला तुला बोलवावंच लागलं असतं, आणि जन्मभर वाटलं असतं, की हिचं काम मी मोडलं आणि नाव देवाचं घातलं.

म्हणून उलटं लिहिलं. त्यातही नाव देवाचंच घातलं. राहा असं मी सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस.

गुरवाने देवाचा शब्द फिरवला. त्यानंतर मी पाषाणाला पाकळी लावली नाही. पाळी दिली ती गुडघ्यांमुळे नव्हे. आत्मारामाने आजवर कोणाला सांगितलं नाही. समई धरून उभा होता, सगळं बघितलान.

दिवा लावतो. देवाला काही विचारत नाही. तोही काही विचारत नाही.

भिकाजी


ओडेन्स
१० जानेवारी २०२५

काका,

पत्र वाचून खूप रडले, मग खूप रागावले, आता दोन्ही एकदम चालू आहे.

उजव्या पाकळीच्या भरवशावर मी इथे दोन वर्षं एकटी जेवले. प्रत्येक वेळी बॅग काढली की म्हणायचे, देवाने थांब म्हटलंय. माझा विश्वास नाही असं सांगणारी मी, तुमच्या देवाला धरून बसले होते. आणि तिकडे तुम्ही रेडिओ लावून बसला होतात. कशासाठी हो काका? औषध माणसापर्यंत पोहोचलं आणि ते बघायला मी इथे होते, याचा मला आनंद आहे. तो झाल्याची लाज वाटते, पण आहे.

हात मात्र तुमचा खोटा ठरवू नका. आमच्याकडे एखाद्या चित्राबद्दल शंका आली, तर चित्र काढणाऱ्याला फासावर देत नाहीत. प्रयोग पुन्हा करतात, दुसऱ्याच्या हाताने.

तेच करा. इथे आता आणखी पंधरा माणसांना औषध द्यायचंय, आणि मला अजून दोन वर्षं थांबा म्हणतायत. मुंबईच्या लोकांचंही पत्र आलंय, जागा अजून भरलेली नाही. एप्रिलमध्ये पंधरा दिवसांसाठी मी येतेच आहे, ते विचारायचं नाही. विचारायचं ते त्यापुढचं. आत्मारामकाकांच्या हातून लावा, तुम्ही समई धरा. उजवी, राहावं. डावी, यावं. जे पडेल तेच कळवा. या वेळी खरं.

आणि लिहिताना कागदावर रुंद रेघा मारून घ्या, दर्शनाला सांगा. रेघ समोर असली की अक्षर मोठं येतं. इथल्या त्या इंजिनवाल्या आजोबांनी मला करून दाखवलं.

तुमचीच,
योगिनी


वरचीवाडी, जयगड
२ मार्च २०२५

बाय,

दर्शनाने रेघा मारून दिल्या. बघ, भिंग लागणार नाही.

सोमवारी देवळात गेलो. समई मी धरली, डाव्या हातात. आत्मारामाने पाकळ्या भिजवल्या. गाऱ्हाणं घालायला तोंड उघडलान, आणि मी म्हटलं, "थांब रं. ह्यो प्रश्न देवाचा नाय, माझा हाय."

कौल लावला नाही.

जन्मभर लोकांचे प्रश्न देवापुढे मांडले. मला काय हवंय ते कोणाला सांगितलं नाही, तुझ्या काकीलाही नाही. आता सांगतो. मला तू हवीस. मी एकटा पडलोय. पंधरा दिवसांची येऊ नको, राहायला ये. मुंबईला राहिलीस तरी चालेल, मुंबई म्हणजे रात्रीची एसटी. नाही जमलं तर नाही असं लिही. मी रागावणार नाही, आणि मध्ये देवालाही आणणार नाही.

एप्रिलपर्यंत थांबू नको. सुरंगी फुलली आहे. वास आहे का, ते येऊन सांग.

भिकाजी